ऑक्टोबरचा पंखा

यवतमाळ जिल्ह्यात आवाज न करणाऱ्या यंत्रावर सहसा कुणी विश्वास ठेवत नाही. कूलर घडघडला पाहिजे, विहिरीवरची मोटार गुरगुरली पाहिजे, फवारणीचा पंप खाकरला पाहिजे आणि लग्नातल्या डीजेनं शेजारच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली आणली पाहिजेत. यंत्र गप्प बसलं की पहिली शंका वीज गेल्याची, दुसरी ते जळाल्याची. ते मुकाट्यानं काम करत असेल ही तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण मुकाट्यानं काम करणारा माणूसही इथं फारसा कुणाच्या पाहण्यात नाही.

अशा मुलखात मी कॉम्प्युटरसाठी हळू फिरणारा, आवाज न करणारा पंखा शोधायला निघालो, तेव्हा घरच्यांनी चौकशी केली ती पंख्याची नव्हे, माझ्या प्रकृतीची.

ज्याला घराघरात 'सीपीयू' म्हणतात आणि दुकानात 'कॅबिनेट', त्या पत्र्याच्या डब्यात पंख्यांचं मोठं कुटुंब नांदत असतं. एक पुढून हवा आत घेतो, एक मागून बाहेर टाकतो, एक प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला असतो आणि एक वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पोटात. पाचवा असता तर समितीच झाली असती. दिवसा त्यांचं अस्तित्व जाणवत नाही. पण माझं काम रात्रीचं. गल्लीतले टीव्ही बंद झाले, शेवटची मोटारसायकल घरी पोचली, कुत्र्यांच्या पहिल्या पाळीची सभा आटोपली, की टेबलाखालून एक बारीक, न थांबणारा 'ऊंऽऽ' सुरू होतो. तो मोठा नसतो. मोठा असता तर सवय झाली असती.

पंख्यांचं दुकान दत्त चौकाच्या बाजूला. दुकानदारानं आधी लायटिंगवाले काढले.

"हे पाहा भाऊ. सात कलर मारते. मोबाइलवरून बदलते."

"आवाज?"

"आवाजाचं काय घेऊन बसले बाप्पा, लाइट पाहा ना!"

"मला बिनआवाजाचा पाहिजे. हळू फिरणारा."

हळू फिरणारा पंखा मुद्दाम मागायला आलेलं हे बहुधा पहिलंच गिऱ्हाईक. जास्त पैसे देऊन कमी काम विकत घेणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एक साधा काळा पंखा वायरीला लावून फिरवून दाखवला. बाहेर काळीपिवळीवाला 'आर्णी, आर्णी, आर्णी' करत होता, शेजारच्या कापडदुकानाच्या स्पीकरवर सेल लागला होता, आणि चौकातल्या सगळ्या हॉर्नांचं एकमेकांशी काहीतरी महत्त्वाचं बोलणं चाललं होतं.

"येते का आवाज?"

"नाही येत."

"मंग!"

संध्याकाळी साडेपाचला दत्त चौकात जगातला कुठलाही पंखा शांत असतो. त्यानं पिठाची गिरणी चालू करून दाखवली असती तरी मी 'नाही येत' म्हणालो असतो.

खोक्यावर छापलेलं असतं: आवाज १८ डेसिबल. हा आकडा वाचून मन भरून येतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रातसुद्धा रात्री ४०. म्हणजे सगळ्या जिल्ह्यानं एके रात्री कायदा अक्षरशः पाळला, तरी १८ डेसिबलचा पंखा ऐकू यावा अशी तरतूद कायद्यात नाही. शिवाय ते अठरा कुठल्या खोलीत मोजले, किती अंतरावरून मोजले, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं ठरवते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय करू नये. एकाच कंपनीचे दोन पंखे असतील तर खुशाल ताडून पाहावेत. तिथं निदान खोटेपणाची मोजपट्टी तरी एक असते.

आता थोडं गणित. शेतीत सहसा न जुळणारं गणित पंख्यात जुळतं, म्हणून ते सांगायला बरं वाटतं. पंख्याची गती निम्मी केली की हवा निम्मी होते. पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, म्हणजे कानाला जेमतेम तिसरा हिस्सा वाटतो, आणि वीज लागते ती आठव्या हिश्शाची. निम्मं काम सोडलं की सात अष्टमांश श्रम वाचतात. हे तत्त्व काही कचेऱ्यांना कुठल्याही अभियंत्याच्या आधी कळलेलं होतं.

म्हणून पंखा मोठा घ्यायचा आणि हळू चालवायचा. जुन्या डब्यांत ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला अडीच हजार फेऱ्या मारून जेवढी हवा ढकलायचा, तेवढी १२० मिलिमीटरचा पंखा साडेसातशेच्या आसपास फेऱ्यांत ढकलतो. डब्यात जागा असेल तर १४० चा त्याहून बरा. छोटा आणि चपळ हे विशेषण माणसाला शोभतं. पंख्याला शोभत नाही.

पण हळू चालणं वेगळं आणि शांत चालणं वेगळं. हे यवतमाळकरांना शकुंतलेनं कधीच शिकवून ठेवलं आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रुळांची ती गाडी; १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. तिच्याइतकं सावकाश विदर्भात दुसरं काही धावत नव्हतं, पण ती येते आहे हे सांगायला कुणाची गरज पडत नसे. डबे वाजत, रूळ करकरत, सांधे ठणकत, आणि वेग कमी असल्यामुळे हे सगळं निवांतपणे, वेगवेगळं ऐकता येई. पंख्याचंही तेच. पूर्ण गतीत वाऱ्याचाच गलबला इतका असतो की खालचं काही कळत नाही. गती उतरवली, वारा निवला, की आतल्या घरगुती भानगडी बाहेर पडतात: मोटारीची कुरकुर, बेअरिंगची टिकटिक, चुंबक एका ध्रुवावरून पुढच्या ध्रुवावर जाताना बसणारा बारीक ठोका. हजार फेऱ्यांना देवमाणूस वाटलेला पंखा पाचशे फेऱ्यांना सुतारपक्षी निघतो.

म्हणून पंखा निवडताना पात्यांचा आकार नंतर, आधी बेअरिंग विचारावं. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं: एक नळी, तिच्यात दांडी, मध्ये तेल. नवं असताना अगदी गोगलगाय. पण त्याला उष्णता सोसत नाही आणि आडवं निजणंही मानवत नाही. डब्याच्या छतावर आडवा बसवला आणि त्यातून वैशाख लागला, की तेल सुकतं आणि घरघर सुरू होते. बॉल बेअरिंगला उन्हाची भीती नाही, ते वर्षानुवर्षं टिकतं, मात्र त्यातल्या छऱ्यांची किणकिण हळू गतीत पहिल्या दिवसापासून सोबत असते. तिसरं फ्लुइड डायनॅमिक. यात दांडी तेलाच्या दाबावर तरंगत फिरते, तेल आतल्या आत कोंडलेलं असतं. मंद आणि शांत चालवायचं असेल तर हेच, किंवा याच जातीचं, घ्यावं. महाग असतं. स्लीव्हवाल्याला गावठी उपाय आहे: मधला गोल कागद सोलायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, कागद पुन्हा चिकटवायचा. आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांच्या बुधलीनं अनेक कॉम्प्युटरांची घरघर थांबवलेली आहे. थेंब एकच, भजी तळायची नाहीत.

मोटारीचं म्हणाल तर या पंख्यांना घासणारे ब्रश नसतात. चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट मिळून त्यांना फिरवतात. छताच्या पंख्यात हल्ली याच बिनब्रशच्या मोटारीला 'बीएलडीसी' म्हणतात, आणि पंचाहत्तर वॅटचं काम तीसेक वॅटमध्ये झालं म्हणून लोक शेजाऱ्यांना रिमोट दाखवत फिरतात. टेबलाखालचा पंखा हे एक-दोन वॅटमध्ये कित्येक वर्षांपासून करतो आहे. त्याचं कुणी कौतुक केलं नाही. अशा बारीक मोटारींत नाव काढलेली निडेक ही जपानी कंपनी १९७३ साली क्योटोत सुरू झाली. त्याच वर्षी यवतमाळात गदिमांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं होतं. दोन्हीकडे हवाच निर्माण झाली. क्योटोतली अजून फिरते आहे.

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीनं २०१८ साली एक १२० मिलिमीटरचा पंखा काढला. पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात फट अवघी अर्धा मिलिमीटर. इतक्या बारीक फटीसाठी पात्याला खास प्लास्टिक वापरावं लागलं, कारण साधं पातं फिरता फिरता ताणलं जातं आणि चौकटीला घासतं. तो मागवला. रंग तपकिरी आणि पिवळट. शेजारी दुकानदारही पाहायला आला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, किंमत विचारली, आणि माझ्या हातात परत देताना हळूच म्हणाला, "भाऊ, मळका देल्ला तुमाले." अर्धा मिलिमीटरच्या त्या फटीत पऱ्हाटीचा तंतू शिरला तर काय होईल, याचा विचार ऑस्ट्रियात कुणी केला असेल असं वाटत नाही. तो इथं करावा लागतो. त्याकडे येतोच.

त्याआधी व्होल्टांचं. पंखा १२ व्होल्टांचा. त्याला ७ दिले की हळू फिरतो, ५ दिले की आणखी हळू. पण फिरत राहायला जेवढे लागतात त्याहून सुरू व्हायला जास्त लागतात. काही पंखे ५ व्होल्टांवर नुसते थरथरतात. बोटानं एक ढकल दिली की सुरळीत चालतात. धक्का दिल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना धक्का द्यायला माणसंही मिळतात, पण कॉम्प्युटरच्या डब्यात बोट घालून कुणी बसत नाही. चार तारांच्या पंख्यात वेगळी युक्ती असते. त्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथी तार सेकंदाला २५ हजार वेळा 'चालू-बंद, चालू-बंद' असा हुकूम देते. ही खटखट माणसाच्या कानाच्या पलीकडची. गती त्यामुळे बरीच खाली नेता येते; चांगला पंखा तीनशे-चारशे फेऱ्यांवरही अडखळत नाही. साधा मात्र तिथंच टिकटिकू लागतो. तेव्हा पंखा पारखायचा तर १२ व्होल्टांवर नव्हे. चार पेन्सिल सेल मिळून ६ व्होल्ट होतात, मोबाइलचा साधा चार्जर ५ देतो. त्यावर सुरू होतो का पाहायचं, आणि मग कानाला लावून ऐकायचं. घरात, रात्री.

आता मुख्य मुद्दा, जो कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो. पंखा हवा थंड करत नाही. खोलीत आहे तीच हवा डब्यातून फिरवून आणतो. आत १०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि मिनिटाला ३० घनफूट हवा जात असेल, तर बाहेर पडणारी हवा आत शिरलेल्या हवेपेक्षा सुमारे सहा अंशांनी गरम असते. खोली २० अंशांवर असेल तर २६. हे ऑस्ट्रियात. मे अखेरच्या नवतप्यात यवतमाळचा पारा ४४-४५ ला टेकतो आणि दुपारी बंद खोलीत ४० असतात. म्हणजे डब्यात शिरणारी हवाच आधी भट्टीतून काढलेली. तेव्हा पंख्यांनी पळावंच लागतं.

आणि इथंच या जिल्ह्याच्या हवामानानं माझ्यावर उपकार केले आहेत. मे महिन्यात पंखे पळतात, पण तेव्हा खिडकीत पत्र्याचा कूलर लागलेला असतो. त्याची मोटार, त्याचा पंप, वाळ्याच्या ताट्यांवरून पडणारं पाणी आणि कधीच घट्ट न बसणारी त्याची मागची जाळी, एवढ्यांच्या आघाडीपुढे टेबलाखालच्या चार पंख्यांना कोण विचारतो! त्यांनी दोन हजार फेऱ्या मारल्या तरी ऐकू येत नाहीत. कूलरमुळे खोलीही उतरते. जानेवारीत कूलर गोणपाट पांघरून निजलेला असतो, खोलीत टाचणी पडली तरी कळेल, पण रात्री हवा दहा-बारा अंशांवर येते आणि पंख्यांना फिरायचंच कारण उरत नाही. जेव्हा उष्णता तेव्हा गोंगाट, जेव्हा शांतता तेव्हा थंडी. मे आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांत इथं कुठलाही पंखा चालतो.

अडतं ते ऑक्टोबरात. पाऊस गेलेला, पण ओल हवेत राहिलेली, त्यामुळे कूलर लावला तर खोली थंड न होता नुसती चिकट होते. म्हणून तो बंद. दुपारचं ऊन चटका देतं, भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या. खिडक्या उघड्या, रातकिडे सोडले तर बाकी सामसूम. डब्याला हवा हवी आणि मला शांतता हवी, असे दोघंही एकाच खोलीत, एकाच वेळी हट्टाला पेटतात. पंख्याची परीक्षा हीच. सात-आठशे फेऱ्यांवर, ऑक्टोबरातल्या रात्री, उशाजवळ ठेवून जो सहन होतो तो चांगला. बाकी सगळं खोक्यावरचं साहित्य.

वीज गेली तर परीक्षा आपोआप रद्द होते. जिल्ह्यातली खरी निःशब्द शांतता तेव्हाच अवतरते आणि नेमका तेव्हा कॉम्प्युटर बंद असतो. मग यूपीएस बोंबलू लागतो. इन्व्हर्टर असलाच तर छताचा पंखा त्याच्या वेड्यावाकड्या विजेवर वेगळाच सूर लावतो. टेबलाखालच्या पंख्याला त्याचं काही नसतं. त्याला एसएमपीएसनं गाळून दिलेली सरळ वीज मिळते.

ऑक्टोबरची दुसरी अडचण पांढरी आहे. शेतात सीतादहीची पूजा होते, कापसाची वेचणी लागते, दिवाळीच्या आगेमागे जिनिंग सुरू होतात. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात आणि बाभळींच्या काट्यांना पुंजके लटकतात. हेच पुंजके बारीक होऊन डब्याच्या जाळीवर येऊन बसतात. आमच्याकडचा दुरुस्तीवाला फिल्टर पाहून तालुका सांगतो. काळा असला की "वणीकडचा दिसते", कारण तिकडं कोळशाच्या खाणी. पांढरा, मऊ असला की राळेगाव, कळंब. करडा आणि किरकिरा असला की म्हणतो, "रोडचं काम चालू हाय ना तुमच्या इकडं?" कूलरसमोर ठेवलेल्या डब्याचा तर गाळच होतो; धुळीला कूलरची ओल मिळते आणि आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर रीतसर लिंपण चढतं.

हळू पंख्याला हे फार नडतं. कारण गती निम्मी केली की हवा निम्मी होते, पण हवेचा दाब चौथ्या हिश्शावर येतो. जोरात फिरणारा पंखा चोंदलेल्या जाळीतूनही हवा ओढून काढतो, शिव्या देत का होईना. मंद पंखा जाळीपाशी उभा राहतो आणि परत फिरतो. म्हणून हळू चालवायचं असेल तर पुढची जाळी मोकळी हवी, बारीक भोकांचा पत्रा असेल तर तो कापून साधी तारेची जाळी लावावी, म्हणजे हवेची शीळही थांबते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. मग फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. आणि पंखा पत्र्याला स्क्रूनं आवळण्याऐवजी रबराच्या खुंट्यांवर बसवावा, नाहीतर तो स्वतः गप्प राहून सगळ्या डब्याला गायला लावतो.

हे सगळं जमवलं. राळेगावचे मामा आले. त्यांनी डब्यामागं हात धरला, वाकून पाहिलं, कान लावला.

"काहून रे, पंखा बंद कायले ठेवला?"

"चालू आहे मामा. हळू फिरतो."

"आवाज नाई त हवा कुठून येईन?"

मी त्यांना पातं दाखवलं. फिरत होतं. त्यांनी मान हलवली आणि, "इतक्या पैशात कूलरची मोटार आली असती," असं म्हणून चहा मागितला. मामांचं बरोबर होतं. कूलरची मोटार खरोखर आली असती.

पुढं फिल्टर साफ करायला दुरुस्तीवाल्याला बोलावलं, मी बाहेर गेलो होतो. परत आलो तो जिन्यातच घोंगावणं ऐकू आलं. तो घाम पुसत उभा होता, चेहऱ्यावर एखाद्याचा जीव वाचवल्याचं समाधान.

"भाऊ, बायोसमंदी कोनं तरी पंखे स्लो करून ठेवले होते. मी समदे फुल करून देल्ले. आता पाहा कसे पयतात!"

त्यानं त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तुम्हाला असा पंखा घ्यायचाच असेल तर दसरा उलटल्यावर घ्या. १२० चा किंवा १४० चा, चार तारांचा, फ्लुइड बेअरिंगचा, लायटिंग नसलेला. बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा, आणि रात्री एकनंतर ऐका. दर पंधरवड्याला जाळी झटका. दुरुस्तीवाला घरी येणार असेल तर बायोसला पासवर्ड ठेवा.